उन्हात डोळे मिटणारा दलाल

बहात्तरच्या दुष्काळानंतर मी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात बैल घ्यायला गेलो. आदल्या खेपेला एका दलालानं लंगडा बैल माझ्या गळ्यात मारला होता. तो राग डोक्यात होताच. या खेपेला भेटलेला दलाल तर भर उन्हात डोळे मिचमिचवत खालीच बघायचा. बैलाचे दात, खूर, वशिंड, सगळं हातानं चाचपायचा.

"नजर का चोरतोस? काय खोट हाय बैलात?" मी ओरडलो.

"उन्हात मला तुमीबी दिसत न्हाई, मालक. दिस कलला की या."

डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना क्षारांचे कण आत-बाहेर सोडणारी बारीक दारं असतात. ती जन्मापासून बिघडली तर काहींना उन्हात दिसत नाही, तिन्हीसांजेला दिसतं, हे दौंडच्या डॉक्टरांनी मला फार पुढं सांगितलं. तेव्हा मला ती थापच वाटली. ती पकडायला मी संध्याकाळी मुद्दाम गेलो.

त्यानं डोळे पूर्ण उघडले, मला पायापासून पागोट्यापर्यंत न्याहाळलं.

"ह्यो बैल घेऊ नका, मालक. तुमच्यानं आवरायचा न्हाई."

यानं दुसरं गिऱ्हाईक गाठलंय, असं मी ताडलं आणि हट्टानं तोच बैल घेतला.

माझ्या गावी, वडगाव रासाईला पोचेपर्यंत बैलानं मला दोनदा आडवं पाडलं.