अक्कांच्या नावावरची वेबसाइट

रिटायर होऊनही एसटीतून न उतरलेला माणूस साऱ्या खानदेशात एकच, आणि तो म्हणजे आमचे जळगावचे घरमालक, हे मी पैजेवर सांगतो. जन्मभर कंडक्टरकी केलेली. लग्नाच्या पंगतीत दोन पाटांमध्ये वीतभर जागा दिसली की यांच्या तोंडून निघालंच, "पुढे सरका, पुढे सरका, मागे बायामाणसं उभी आहेत!" सत्यनारायणाला बसलेली माणसं मोजायचे, आणि आकडा जुळला नाही तर भटजींना थांबवून पुन्हा मोजायचे. घरातून निघताना दाराची कडी दोनदा वाजवायचे, कारण डबल बेल दिल्याशिवाय गाडी हलत नाही. गल्ली त्यांना नाना म्हणे. मी वरच्या मजल्यावरचा भाडेकरू, शाळेत मराठी शिकवणारा. पण माझ्याकडे लॅपटॉप आहे एवढ्यावरून नानांनी मला इंजिनिअर ठरवून टाकलं होतं.

नानांचं दुसरं वेड गाण्यांचं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे सासुरवाशिणींचा सण. भाऊ न्यायला येतो, लेकी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात आणि गौराईची गाणी म्हणतात. नोकरी संपली तसे नाना दर आखाजीला पिंपळनेरपासून मुक्ताईनगरपर्यंत हिंडून झोक्याखाली मोबाइल धरून बसू लागले. एका गावात बायांना वाटलं हा म्हातारा चोरून शूटिंग करतोय. त्यांनी वरून घागरभर पाणी ओतलं. नाना निथळत घरी आले ते उड्या मारतच. "सर, आवाज काय सुंदर आलाय! पाण्याचासुद्धा!" ही गाणी जगानं ऐकावीत म्हणून मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून त्यांनी स्वतःच्या हातानं वेबसाइट बनवली. गाणी अर्थात गावांच्या क्रमानं लावलेली, एसटीच्या तिकिटातल्या स्टेजप्रमाणे. एंटर दाबताना चमच्यानं तांब्यावर दोन ठोके द्यायचे. ठोक्यांशिवाय साइट उघडते यावर त्यांचा विश्वासच नव्हता.

त्या वर्षी आखाजी चार दिवसांवर आली असताना ज्येष्ठ नागरिक संघात ऑनलाइन फसवणुकीवर भाषण झालं. नाना घरी आले, साइटचा पासवर्ड बदलून चांगला लांबलचक केला, कागदावर लिहिला आणि मग कागदाचीच भीती वाटून तो पेटत्या बंबात टाकला. सकाळी पासवर्ड नानांनाही आठवेना! आत चाळीस नवी गाणी चढवून ठेवलेली, फक्त खुली करायची बाकी. आणि नानांनी गावोगावच्या म्हाताऱ्यांना शब्द दिलेला, की आखाजीला तुमचं गाणं तुमच्या नातवंडांच्या मोबाइलवर वाजेल. "सर, चाळीस पॅसेंजर आत आणि दाराला कुलूप!" नानांचा चेहरा बघवेना.

मी म्हटलं, घाबरू नका, 'पासवर्ड विसरलात?' वर दाबू, तुमच्या मोबाइलवर कोड येईल. नाना हळूच म्हणाले, "माझ्या नाही. अक्काच्या."

अक्का म्हणजे भडगावला दिलेली त्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा नानांना तिनंच वाढवलं. म्हणून घरात येणारी प्रत्येक चांगली गोष्ट नाना अक्काच्या नावावर घ्यायचे. पहिली सायकल, गॅसचं कनेक्शन, विजेचं मीटर, सगळं. वेबसाइटही तशीच! अ‍ॅडमिन अक्का, नंबर अक्काचा, आणि अक्काला त्याचा पत्ताच नाही.

फोन लावून स्पीकरवर टाकला. कोड पाठवला. तिकडे अक्काच्या बटणांच्या फोनवर टिंग वाजलेलं आम्हाला ऐकू आलं. नाना ओरडले, "अक्का, तो नंबर वाचून सांग, लवकर!"

"बँकना सायबनी सांगेल शे, कोनलेच सांगानं नही."

"अगं, मी तुना भाऊ शे!"

"फोनवर बठ्ठाच भाऊ ऱ्हातस," अक्का शांतपणे म्हणाल्या. "भाऊ व्हई ते आखाजीले लेवाले येई." आणि फोन ठेवला.

फोनवर सगळेच भाऊ! मी हसून लोटपोट झालो, पण नाना हसले नाहीत. रिटायर झाल्यापासून एकाही आखाजीला ते अक्काला आणायला गेले नव्हते. जाणार कधी? तेवढे दिवस हे दुसऱ्यांच्या बहिणींच्या झोक्याखाली! मी बघितलं, तर नाना टोपी घालत होते. "सर, मोटरसायकल काढा. कोड दहा मिनिटं टिकतो, तर आपणच तिथं जाऊन मागवू."

भर उन्हाळ्यातलं ऊन, आणि मागच्या सीटवर नाना! लॅपटॉपला ऊन लागेल म्हणून ओल्या पंच्यात गुंडाळायला निघाले होते, तो मी हिसकावून कोरड्या पिशवीत घातला. प्रत्येक फाट्यावर ते गावाचं नाव पुकारत होते आणि मला पाठीवर दोन थापा मारल्याशिवाय पुढे सोडत नव्हते. भडगाव येईतो पाठ हुळहुळली, पण खरं सांगतो, इतका आनंदाचा प्रवास मी पुन्हा केला नाही.

अक्का ओट्यावरच बसल्या होत्या. "आते कसाले ऊना?"

"तुले लेवाले ऊनू," नाना म्हणाले. न्यायला आलोय एवढंच, कोडाचं नावसुद्धा काढलं नाही.

अक्का उठल्या, आत गेल्या आणि दारामागून पिशवी घेऊन आल्या. भरलेली! लुगडी, चष्म्याचं घर, सांजोऱ्यांचा डबा, सगळं. मी चकित होऊन विचारलं, "अक्का, तुम्हाला माहीत होतं आम्ही येणार?"

"दरसाल भरस," त्या म्हणाल्या. "दरसाल सोडस."

नानांनी त्यांचे पाय धरले. मला मेलं रडूच आलं, आणि ते लपवायला मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

पाणी झालं, सांजोरी झाली, मग कोड मागवला. फोन वाजला तसा अक्कांनी तो पदराखाली धरला, एकेक आकडा वाचून एका बोटानं स्वतःच दाबला. नवा पासवर्ड मागितल्यावर आम्हा दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. नानांनी चमचा शोधला, तांब्यावर दोन ठोके दिले, आणि साइट उघडली! नाना अंगणात नाचले. चाळीसच्या चाळीस गाणी खुली झाली. पिंपळनेरच्या एका म्हातारीचं गाणं अक्कांनी शेवटपर्यंत ऐकलं.

"या बठ्ठ्या बायास्ले भेटना तू," भेटलास तू सगळ्यांना, एवढंच म्हणाल्या.

अक्कांना घेऊन एसटीकडे निघताना नानांनी हळूच विचारलं, "अक्का, पासवर्ड काय घातलास?"

"कोनलेच सांगानं नही!"

आता खरी गोष्ट सांगून टाकतो. अक्का साइटच्या आत शिरल्यावर नानांच्या नावाचं वेगळं खातं उघडणं माझ्या दोन मिनिटांचं काम होतं. मी उघडलं नाही. आणि हे काम दोन मिनिटांचं आहे हे नानांना माझ्याआधीपासून ठाऊक होतं, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून साइटवर नवं गाणं चढवायचं तर अक्कांना माहेरी आणावंच लागतं.

मी बदली होऊन धुळ्याला आलो, त्यालाही काही वर्षं झाली. आखाजीला मी ती साइट उघडून बसतो. नवं गाणं दिसलं की समजतो, अक्का आल्या. यंदा सकाळपासून दहा वेळा उघडली, काही नाही. अक्का थकल्यात, नानांचे गुडघे गेलेत, फोन करायचा धीर होईना. संध्याकाळी पुन्हा बघितलं, तर गाणं होतं. आवाज अक्कांचा. इतक्या वर्षांत त्यांचं पहिलंच! दुसऱ्या कडव्यात त्या अडखळतात, थांबतात, पुढचं आठवत नाही. बराच वेळ नुसता झोक्याच्या दोराचा आवाज येतो. मग तांब्यावर दोन ठोके पडतात आणि अक्का पुढे म्हणू लागतात.