नदीवर नेलेलं वाटण

दुपारी जेवून आडवी झाले की कधी कधी ती नदी डोळ्यांसमोर येते. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं, खाली वाळू, दोन्ही काठांना सुरूसारखी काळसर झाडं. त्यातली काही पाण्यात आडवी पडलेली, ती कोणी उचलत नाही. पाण्याला घाई नाही. माझा मुलगा छातीपर्यंतची रबरी विजार घालून मध्ये उभा आहे आणि हवेत दोरी फिरवतो आहे. आवाज कसलाच नाही. मग शेजारी कोणीतरी नारळ पाडतो आणि मी जागी होते.

दोन हजार पाच साली मी सहा महिन्यांसाठी मुलाकडे गेले होते, अमेरिकेत नोव्हाय नावाच्या गावी. तो तिथे मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे. त्याच्या आधीच्या वर्षी माझे यजमान वारले. माझं परतीचं तिकीट जुलैचं होतं. मुलाला ते रद्द करून मला कायमचं तिकडे ठेवून घ्यायचं होतं आणि मला माझ्या घरी यायचं होतं. आमच्यात वाकडं काय ते एवढंच. भांडण म्हणावं तर तो भांडायचाही नाही. मी तिकिटाचा विषय काढला की म्हणायचा, "आई, मी बाबांना शब्द दिलाय," आणि गाडी धुवायला बाहेर जायचा. गाडी स्वच्छच असायची.

हा शब्द दहाव्याला दिलेला. आमच्याकडे दहाव्याला बायका खाडीवर जात नाहीत, त्यामुळे मी पाहिलेलं नाही, दिराकडून ऐकलेलं आहे. पिंड ठेवला, कावळा शिवेना. ऊन चढलं. जमलेल्यांनी एकेक सुचवायला सुरुवात केली, त्यांची अमुक इच्छा राहिली असेल, तमुक राहिली असेल. काहीही बोलून झालं, कावळा येईना. शेवटी मुलाने हात जोडले आणि म्हणाला, "बाबा, आईला मी माझ्याजवळ नेतो. तिला एकटी ठेवणार नाही." आणि कावळा आला. झालं. चौथी शिकलेली मी, पण एका कावळ्यासाठी विमानात बसले. विमानतळावर चपला काढून उभी राहिले.

तिकडचे दिवस वाईट नव्हते. सून चांगली आहे, नात चांगली आहे. पण सकाळी सगळे गेले की ते घर एवढं गप्प व्हायचं की फ्रिज बोलतो असं वाटायचं. खिडकीतून समोरचं गवत दिसे. माणूस दिसत नसे. मी उन्हाचा चौकोन गालिच्यावरून सरकताना बघत बसायची, आणि त्यात तासचे तास जायचे. कधी कधी मला वाटे मी पाण्याखाली आहे.

जूनमध्ये मासे पकडायची ट्रिप निघाली. काढली ती डॉक्टरांनी. हे डॉक्टर नागपूरचे, तीस-एक वर्षांपूर्वी तिकडे गेलेले आणि आता रिटायर. घरात बसवत नव्हतं म्हणून सगळ्या मराठी मंडळींना कुठे ना कुठे घेऊन जायचे. स्वतः शाकाहारी. मी विचारलं, "मासा खात नाही तर पकडायचा कशाला?"

"अहो वहिनी, फ्लाय फिशिंग म्हणजे ध्यान आहे. मेडिटेशन."

"आमच्या घरात होतं ते ध्यान," मी म्हटलं. "दर रविवारी."

ते खरंच होतं. माझे यजमान कंडक्टर होते आणि रविवारी गळ घेऊन खाडीवर बसायचे. सकाळी जायचे, उन्हं उतरली की यायचे. मी त्यांची वाट बघत बसायची नाही, वाटण वाटून ठेवायची. आमच्या घरातली रीतच ती. खोबरं, मिरच्या, धणे, हळद, सगळं मासा यायच्या आधी वाटून तयार. मासा आला तर मासा त्यात. नाही आला तर बटाटे. बटाट्यांचे रविवार जास्त असायचे. त्यावरून मी त्यांना एका शब्दाने बोलले नाही असं नाही. पुष्कळ बोलले.

त्यामुळे नदीवर जायचं ठरलं तेव्हा मी आदल्या दिवशीच मिक्सरवर वाटण केलं. खोबरं फ्रोझन होतं, पण तिरफळं आणि कोकम मी घरून नेलेली होती. डबा बर्फाच्या पेटीत ठेवला. तवा घेतला, तांदळाचं पीठ घेतलं. बटाट्यांची पिशवी बघून सून म्हणाली, "आई, बटाटे कशाला?"

"असू देत," मी म्हटलं.

मुलाने रस्त्याचे कागद छापून घेतले होते. आम्ही उत्तरेकडे निघालो. झाडं, झाडं, आणि झाडं. नदीकाठी लाकडाचं घर भाड्याने घेतलं होतं. आमची एक गाडी, डॉक्टर आणि त्यांच्या बायकोची एक, आणि मुलाच्या ऑफिसातली दोन पोरं तिसरीत. कोणीही जन्मात गळ धरलेला नव्हता.

शिकवायला एक गोरा आला. माझ्याच वयाचा असेल, उंच, कमी बोलणारा. त्याने आधी सगळ्यांना गवतात उभं केलं, पाण्यात नाहीच. हातात काठी, काठीला जाड दोरी, तिच्या टोकाला बारीक धागा, धाग्याला गळ. गळावर पिसं बांधून केलेली माशी. मी हातात घेऊन पाहिली. कोंबड्याच्या मानेची पिसं होती. दोरी मागे न्यायची, थांबायचं, मागे ती पूर्ण उलगडू द्यायची, मग पुढे सोडायची. तो करायचा तेव्हा दोरी हवेत आपोआप लांब होत जायची आणि गवतावर पडतानाही वाकायची नाही. ह्यांना ते थांबणंच जमेना. सगळे घाईचे. एकाची दोरी झाडात, एकाची पायात. डॉक्टरांनी पहिल्याच फटक्याला स्वतःची टोपी मागच्या कुंपणावर नेऊन टाकली.

"काका, कॅच ऑफ द डे," ऑफिसातला पोरगा म्हणाला.

"हसा बाप्पा," डॉक्टर म्हणाले. "टोपी निदान वजनाला चांगली आहे."

मग त्या गोऱ्याने खिशातून पक्कड काढली आणि प्रत्येक गळाचा उलटा काटा दाबून सपाट करून टाकला. मी खुर्चीतून उठले. नातीला म्हटलं, "त्याला विचार, काटा मोडला तर मासा राहणार कसा?"

नात नऊ वर्षांची. मी मराठीत बोलायची, ती इंग्रजीत उत्तर द्यायची, आमचं चाललेलं असायचं. तिने त्याला विचारलं, तो माझ्याकडे बघून हळू काहीतरी बोलला.

"आजी, ही सेज वी लेट देम गो."

"सोडायचा?"

"येस. ऑल ऑफ देम. इट्स द रूल हिअर."

मी डॉक्टरांकडे बघितलं. ते टोपीतून गळ काढण्यात फार गुंतले. मुलगा म्हणाला, "आई, मला वाटलं तुला माहीत आहे."

"मला कसं माहीत असणार? मी मसाला घेऊन आलेय."

सून हसायला लागली, मग सगळेच. मला हसू आलं नाही. पाच महिने मी दुकानातला कापलेला, वास न येणारा मासा खाल्ला होता. नदीचा ताजा मासा खाऊन मगच घरी जायचं असं मनात घेतलं होतं.

दुपारी सगळे पाण्यात उतरले. मला रबरी विजार देत होते, ती साडीवर कशी बसणार. मी एका आडव्या पडलेल्या झाडावर पाय पाण्यात सोडून बसले. पाणी इतकं गार की थोड्या वेळाने पाय आपले वाटेनात. आणि मग तो वेळ सुरू झाला, ज्याबद्दल मला नीट सांगता येत नाही. माणसं एका रांगेत पाण्यात उभी होती, लांब लांब. कोणी बोलत नव्हतं. मराठी माणसं एवढी एकत्र आणि कोणी बोलत नाही, हे मी पहिल्यांदा पाहिलं. दोऱ्या हवेत जात होत्या आणि येत होत्या. ऊन पाण्यातून वाळूपर्यंत जायचं आणि तिथे हलायचं. मला मधूनच वाटे की पाणी उभं आहे आणि मीच झाडावर बसून वर वर चाललेय. एकदा तर मी मुलाकडे पाहिलं आणि मला त्याचे वडीलच दिसले. तसेच खांदे पाडून उभे. मी मनात म्हटलं, आता हे रिकाम्या हाताने येणार.

तिकडे जूनमध्ये संध्याकाळ संपत नाही. सूर्य झाडांमागे गेला तरी उजेड तसाच राहिला, दुधात पाणी घातल्यासारखा. आणि मग पाण्यावर किडे आले. पांढुरके, लांब शेपटीचे, दिव्यावर येणाऱ्या पाखरांसारखे, पण दिवा कुठेच नाही. आधी थोडे, मग इतके की पलीकडचा काठ दिसेना. वर जायचे, खाली यायचे, आणि मग पंख पसरून पाण्यावर पडायचे आणि वाहून जायचे. माझ्या केसांत पडले, मांडीवर पडले. मी झटकले नाहीत. ते जगून झालेले होते. पाण्याखालून मासे येऊन त्यांना टिपू लागले, नदीभर नुसती वर्तुळं वर्तुळं.

तेवढ्यात मुलाची काठी वाकली.

तो ओरडला नाही. हळूच म्हणाला, "आई, ये ना."

मी पदर खोचला, साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि पाण्यात उतरले. तो गोराही आला. मुलाने मासा जवळ आणला. चांगला हातभर, तपकिरी, अंगावर लाल ठिपके, ठिपक्यांभोवती पांढरी कडी. मुलगा म्हणाला, "आधी हात ओले कर. मग धर."

मी धरला. जसा आयुष्यभर धरला तसा, कल्ल्यात अंगठा घालून.

"आजी, नो, नो," काठावरून नात किंचाळली. गोऱ्याने तोंडाने फक्त चुकचुक केलं. मुलाने माझा अंगठा बाहेर काढला, माझा हात माशाच्या पोटाखाली नेला आणि त्याचं तोंड पाण्याच्या वरच्या अंगाला, येणाऱ्या धारेकडे केलं.

"असा धर नुसता. तो दमलाय. त्याच्यात जोर आला की तो स्वतः जाईल. ढकलायचं नाही."

मी धरून राहिले. माझ्या हाताखाली मुलाचा हात होता. माशाचे कल्ले उघडत होते, मिटत होते, तळव्याला कळत होतं. मी हजारो मासे साफ केले असतील. एकही माझ्या हातात श्वास घेत बसलेला नव्हता. तो जाईना. किडे पडत होते. मग त्याने शेपटी एकदा हलवली आणि हात रिकामा झाला.

चांगलं कालवण झालं असतं. खरं सांगते, मला वाईट वाटलं ते त्याचंच. आणि त्या रागातच मी बोलले.

"माझं तिकीट रद्द करू नकोस."

"आई, आता नको ना."

"आताच. कावळ्याचं ऐक. त्या दिवशी खाडीवर पलीकडच्या वाडीतलं पण दहावं होतं. त्यांनी वडे ठेवले होते. कावळे सगळे तिकडे होते. तिथलं संपलं तेव्हा तुझ्याकडे आले."

तो माझ्याकडे बघत राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"तुझ्या काकाने. तो मागे उभा होता, त्याला दिसत होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू रडत होतास."

त्याने काठी काखेत धरली आणि दोन्ही हातांनी तोंडावर पाणी मारलं. पाणी मारण्यात बराच वेळ गेला. मग म्हणाला, "पण मी बोललो ते बोललो."

"बाबांना बोललास. मला विचारलंस का? त्यांना मी जवळ हवी असायची ती वाटण करून घरात. तुझ्या गालिच्यावर नव्हे."

"एकटी राहशील?"

"खाडीवर कोण एकटं राहतं? सकाळपासून दारात कोणी ना कोणी असतं. रविवारी फोन करतोस तसा कर. आणि सुट्टी काढून ये. दर वर्षी नाही जमलं तर एकाआड एक."

गोरा तेवढ्यात शहाण्यासारखा लांब जाऊन उभा राहिला होता. पाण्यावर आता उजेड कमी आणि किडे जास्त होते. मुलाने माझा कोपर धरला आणि मला काठाला आणलं. तळाची वाळू पायाखालून सरकत होती.

त्या रात्री मी वाटणात बटाटे घातले. तिरफळं ठेचून टाकली, कोकम टाकलं. वास सुटला तशी ऑफिसातली पोरं चुलीपाशी येऊन उभी राहिली. डॉक्टरांनी आधी पातेल्यात वाकून पाहिलं.

"वहिनी, मासा नाही ना लागला याला?"

"तुम्ही पकडलात का कुठला, लागायला?"

त्यांनी तीनदा वाढून घेतलं. त्यांची बायको म्हणाली, "बघा, ध्यान झाल्यावर भूक लागते."

मुलगा खाली मान घालून जेवत होता. भात कालवताना मध्येच थांबला आणि म्हणाला, "आई, हा बाबांचा रिकामा रविवार झाला." मग सुनेकडे वळून म्हणाला, "सोमवारी एअरलाइनला फोन कर. आईचं जुलैचं कन्फर्म करून टाक." सून माझ्याकडे बघत राहिली. मी तिला भात वाढला.

मी जुलैत परत आले. तो एकाआड एक वर्ष येतो, मध्ये एकदा चुकला. दर जूनला त्या नदीवर जातो, आता एकटाच. काही मिळालं नाही, काही मिळालं नाही, असं रविवारी फोनवर सांगतो, आणि आवाज मात्र चांगला असतो. त्याला वाटतं मला नदीचं ऐकायचंय. मी ऐकते. मग विचारते, घरात बटाटे होते ना?