वहिनींना शांतता नको होती

सकाळी दूध आणायला खाली उतरलो होतो, तेवढ्यात फोन आला. वहिनींच्या घरमालकीणबाई बोलत होत्या. "पावणं, जरा लगेच या की. मालनताई दार उघडीनात." कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या त्यांच्या गल्लीत मी पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी कडी काढली होती... वहिनी झोपेतच गेल्या होत्या. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले. त्याला आता दीड महिना होत आला. पण माझा संताप अजून खाली बसलेला नाही, आणि तो मरणावरचा नाही. मरण कुणाला चुकलंय? संताप येतो तो एका वाक्याचा, त्या दिवसापासून जो-तो मला तेच ऐकवतोय. "गावाकडं राहिल्या असत्या तर अजून दहा वर्षं काढली असती बघा. चांगली हवा, शांतता... कशाला आल्या ह्या गोंगाटात मरायला?" स्मशानातसुद्धा दोघातिघांनी हेच म्हटलं. म्हणणाऱ्यांपैकी एकही स्वतः गावाकडं राहत नाही.

मालनवहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, दादाची बायको. माहेर मंगळवार पेठेतलं, संसार शाहूपुरीत. पुढच्या खोलीत ब्लाऊज शिवायच्या आणि तोंडात टाचण्या धरून बोलायच्या. त्या टाचण्यांमधून त्यांचं बोलणं आम्हाला कसं कळायचं, देव जाणे, पण कळायचं. अस्सल कोल्हापुरी बाईसारखं "मी जातो, मी आलो" असं बोलायच्या. माझी बायको पुण्याची. ती पहिल्यांदा हे ऐकून हसली, तर वहिनी म्हणाल्या, "हस की. वर्षभरात तू बी असंच बोलशील." आणि झालंही तसंच. पेठेतला संघ फुटबॉलची मॅच जिंकला की हलगी वाजवत मिरवणूक निघायची, तेव्हा वहिनी हातातलं शिवण टाकून नाक्यापर्यंत पळायच्या. कुणी गोल केला, कसा केला, हे दादापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. गर्दी, आरडाओरडा, चार माणसं दारात... ह्यात त्या फुलायच्या.

दादा वीज मंडळातून निवृत्त झाला आणि त्याच्या डोक्यात गाव बसलं. आमचं गाव राधानगरीच्या पुढं, धरणापासून जवळ. मागं डोंगर, पुढं भातखाचरं. तिथं त्यानं घर बांधायला काढलं. मी त्याला विचारलं, "वहिनींना विचारलंस का?" तर म्हणाला, "त्यात विचारायचं काय? घर तिच्याच नावावर करणार हाय." वहिनी मला नंतर म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या दादानं मला घराचा नकाशा दाखवला, तवा भिंती खिडकीपर्यंत आलत्या." गावाला जायच्या आधी शेवटचं जेवायला बोलावलं होतं तेव्हा दादा रंगात येऊन सांगत होता, "सकाळी उठायचं, पाखरांचा आवाज ऐकत चहा प्यायचा. अशी शांतता हाय तिथं..." वहिनी भाकरी थापत होत्या. वळूनही न बघता म्हणाल्या, "तुम्ही ऐका. पण मी पाखरांशी बोलू काय?" आम्ही सगळे हसलो. त्या हसल्या नाहीत.

गेल्या मात्र. शाहूपुरीचा फ्लॅट विकून गेल्या. तिकडचा पाऊस ज्याला ठाऊक आहे त्यालाच ते चार महिने कळतील. धुकं दारातून आत येतं. कपाटातल्या साड्यांना बुरशी, मशीनच्या सुईला गंज. वीज गेली की दोन-दोन दिवस पत्ता नाही, आणि दादा आयुष्यभर वीज मंडळात! गावातल्या बायका चांगल्या होत्या, पण त्या उजाडताच रोपलावणीला जायच्या, संध्याकाळी धारा काढायला गोठ्यात. वहिनींना म्हणायच्या, "तुमचं बरं हाय, बसून खायचं." हे बसून खाणंच त्यांच्या अंगावर येत होतं. मला फोन करायच्या. इकडचं तिकडचं झालं की आवाज जरा खाली आणून म्हणायच्या, "भाऊजी, फोन जरा खिडकीबाहेर धरा की." मी धरायचो. खालचे रिक्षांचे हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी, कुणाचं तरी भांडण... त्या ऐकत राहायच्या आणि मग "बरं, ठेवतो" म्हणून ठेवून द्यायच्या.

दादावर राग काढावा, तर तो खरोखर सुखात होता. एक म्हैस, आंब्याची कलमं, पारावर पानाचा डबा. वाईट माणसाशी भांडता येतं. सुखात असलेल्या माणसाशी कसं भांडायचं? वहिनींनाही ते जमलं नाही. तो असेपर्यंत त्यांनी परत यायचा विषय काढला नाही.

दादा गेल्यावर मात्र त्यांनी दिवसकार्याच्या दुसऱ्याच दिवशी सांगून टाकलं, "मी कोल्हापूरला जातो." त्यांचा मुलगा संदीप पुण्याला असतो. तो चक्रावलाच. "आई, एक तर माझ्याकडं चल, नाहीतर इथंच राहा. बाबांनी एवढं घर बांधलंय. कोल्हापुरात आता आपलं काय आहे?"

"मी हाय की."

"आणि राहणार कुठं?"

"पेठेत खोली बघितलीया भाड्यानं."

"ह्या वयात भाड्याच्या खोलीत? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत की! तिथं म्हणायला लोक तरी हायत."

सगळी भावकी त्यांच्यावर उखडली. एवढं हवेशीर घर सोडून म्हातारी गटारीच्या वासात चालली, हे कुणाला पटेना. मी टेंपो ठरवला आणि शिवणाचं मशीन घेऊन वहिनी आल्या.

आता खरं सांगायचं तर, त्या ज्या कोल्हापुरात परत आल्या ते त्यांचं राहिलंच नव्हतं. बरोबरीच्या मैत्रिणी पोरांच्या मागं उपनगरात फ्लॅटमध्ये गेलेल्या, एक तर वारलेली. समोरचा रस्ता सदा उकरलेला, धुळीनं त्यांना खोकला लागला. पोरी तयार ब्लाऊज घेतात, शिवायला कोण टाकतंय? रोज माझ्याकडं तक्रार. "भाऊजी, माणसं थांबून बोलत न्हाईत हो. चालताना बी मोबाईलात." मी वैतागून एकदा म्हणालो, "मग जाऊया का परत गावाला?" त्यावर माझ्याकडं असं बघितलं की मी चहा संपवायच्या मागं लागलो. हळूहळू त्यांनी फॉल-पिको, उसवलेलं शिवून देणं सुरू केलं. बायका येऊ लागल्या. खोकला गेला नाही, पण आवाजाला पहिली धार आली.

एकदा मी सरळच विचारलं, "वहिनी, खरं सांगा, इथं येऊन बरं वाटलं का?" त्यांनी दातानं दोरा तोडला. म्हणाल्या, "गाव काय वाईट न्हाय. आणि तुमचं हे शहर बी काय शहाणं लागून गेलं न्हाय. पण इथं मी आलो. तिथं मला नेलं."

आणि शेवटी परत तिथंच नेलं. संदीपनं दिवसकार्य गावात केलं. "बाबांचं तिथंच झालं, काका. आईचं वेगळं कशाला?" राधानगरीच्या रस्त्यावर श्रद्धांजलीचा फलक लागला, त्यावर वहिनींचा कुठल्याशा लग्नातला फोटो आणि खाली 'निसर्गाच्या सान्निध्यात रमणाऱ्या'. मी तो गाडीतून वाचला. शेजारी बसलेलं पोरगं आईसाठी ढसाढसा रडत होतं. ते रडणं खोटं नव्हतं. पण ज्या आईसाठी ते रडत होतं, ती बाई कोण होती?

खोली रिकामी करायला मी आणि संदीप दोघंच गेलो. टेंपो यायचा होता. दाराबाहेर लाल प्लास्टिकची खुर्ची होती. दुपारचं काम आवरलं की वहिनी तिच्यावर बसायच्या. संदीप सहज टेकला आणि फोन करायला लागला, पण बोलणं होईना. भंगारवाल्याची हाळी चाललेली, समोरच्या घरात मिक्सर. तेवढ्यात एक बाई थांबली, "मालनताईंचा पोरगा का रे तू? त्यांच्यासारखंच नाक हाय." ती गेली तर रिक्षा थांबवून एकानं विचारलं, "च्या पाठवू काय?" मग कॉलेजची एक मुलगी आली आणि मावशींनी तिच्या ड्रेसची चेन बसवून ठेवलीय का, म्हणून विचारू लागली. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती तिथंच रडायला लागली. संदीपनं फोन खिशात ठेवला.

"काका, आई इथं दिवसभर काय करायची?"

"हेच," मी म्हणालो.

तो गल्लीतली येणारी-जाणारी माणसं बघू लागला. मला वाटलं, कळलं पोराला. घरमालकीणबाई म्हणाल्या, "खुर्ची तेवढी राहू दे की. बायका बसतील." पण टेंपो आला तेव्हा त्यानं ती स्वतःच्या हातानं वर चढवली. "आईची आठवण आहे. गावच्या घरी ठेवतो."

परवा संदीप पुण्याहून सुटीला आला म्हणून गावी गेलो होतो. खुर्ची ओसरीवर होती, तोंड डोंगराकडं. सगळीकडं चिडीचूप. संदीप आत चहा करत होता, तोवर मी ती उचलून एसटीच्या रस्त्याकडं वळवून ठेवली. चहा घेतला, निरोप घेतला. फाटकाशी जाऊन मागं बघितलं, तर तो खुर्ची परत डोंगराकडं फिरवत होता.

"इकडून व्ह्यू छान दिसतो, काका," तो म्हणाला.