धुतलेले बटाटे

सोनीकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं, तेव्हा ती वहाळात गुडघाभर पाण्यात उभी राहून शाळेचे बटाटे धूत होती. निडीजवळच्या कातकरी वाडीवरची मी शिकवत होते ती शाळा करोनानंतर नुकतीच पुन्हा भरू लागली होती, आणि पोषण आहार शिजवायला सोनी नवीन लागली होती.

“मातीसकट कुनी ठेवतं का बाई?” ती म्हणाली. “ आमचे रानातले कडू करांद्याचे कंद आमी कापून वहाळातच ठेवतो. पानी सगळं वाईट नेतं.”

मलाही ते पटलं. पोतं ओलंच कोठीत गेलं, तोंड बांधून.

बारा दिवसांनी पोरं जेवायला बसली, तेव्हा भाजी कमी पडेल म्हणून सोनी आणखी थोडे बटाटे चिरत होती. एक वरून नुसता सुरकुतलेला. कापला तर आत पोकळी, पोकळीत पांढरी बुरशी. सकाळी असलेच डाग कोरून तिने बाकीचा बटाटा भाजीत घातला होता.

“थांबा! खाऊ नका कुनी!”

“अगो, तूच शिजवलंस नि तूच वराडतेस?” मदतनीस बायजाबाई हसल्या. मग सोनीचा चेहरा पाहून त्यांनी हातातला डाव खाली ठेवला.

मी ताटं उचलायला लावली. पहिलीतली भूमिका मात्र बोटं चाटत होती. तिची भाजी संपली होती.

आरोग्यसेविकेने फोनवर सांगितलं, पोरीवर नजर ठेवा, उलटी झाली तर लगेच रोह्याच्या दवाखान्यात न्या. सोनी भूमिकेसमोर बसली. घडीघडी तिच्या पोटावर हात ठेवायची.

“दुखतं का गो?”

“नाय.”

“खरं सांग.”

“नाय गो मावशी! भूक लागलीय.”

भूक हेही दुखण्याचंच लक्षण वाटून सोनी आणखीच घाबरली.

पाच वाजता भूमिका उड्या मारत घरी गेली. सोनी मागोमाग गेली आणि दिवेलागणीपर्यंत तिच्या दारात बसून राहिली. पोरीला काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कृषी सहायक भरत आले. नासके बटाटे लांब खड्ड्यात पुरले. “धुवायचा तो शिजवताना,” ते म्हणाले. “ठेवताना माती कोरडीच झटकायची. अंधाऱ्या, वारा लागणाऱ्या जागी बांबूच्या माचावर पसरायचे, आठवड्याला निवडायचे. डाग दिसला की कोरू नका, अख्खा टाका.”

“करांद्याला चालतं, मग याला का नाय?”

“करांदा वहाळातून काढून लगेच शिजवता ना? हा महिनाभर पडून राहतो. ओल राहिली की बुरशी शेजारच्यालाही धरते.”

सोनीने मान हलवली, पण डोळे भूमिकेच्या वर्गाकडे होते.

मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. सोनी अजून तिथेच स्वयंपाक करते, आणि पोरांची पंगत बसायच्या अर्धा तास आधी स्वतः जेवते.