दोन गाड्यांमधली मोकळी जागा

माझ्या भागीदाराने मला फसवलं. कराडच्या पुढे, हायवेच्या कडेला, हवालदारासमोर उभं राहून तो माझ्याबद्दल खोटं बोलला. ते खोटं आता आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाला खरं वाटतं.

आमचा धंदा बोकडांचा. तो म्हसवडकडचा, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेल्या घरातला. जनावराच्या पाठीवर हात ठेवला की त्याला सगळं कळायचं. मी उंब्रजचा. मला जनावरातलं कमी कळतं, माणसातलं जास्त. तो निवडायचा, भाव मी करायचो. दोघांच्या दोन पिकअप, दोन्ही आपापल्या कष्टाच्या. तो माण भागातून माल भरून यायचा, उंब्रजला निम्मी बोकडं माझ्या गाडीत चढायची आणि तिथून आम्ही हायवेने शिराळ्याच्या बाजाराला निघायचो.

बाजारात दोन्ही गाड्या एकदमच शिरल्या पाहिजेत, हा आमचा नेम. एक आधी पोचली की व्यापारी तिला गाठून भाव पाडतात आणि मागून येणाऱ्याला तोच भाव ऐकवतात. म्हणून तो पुढे, मी त्याला चिकटून मागे. फोन स्पीकरवर चालूच. मध्ये एखादी कार घुसली की त्याचा आवाज यायचा, "कुणाला घेतलंस रं मधी? पाव्हणा हाय व्हय तुझा?" मी हॉर्न वाजवून वाजवून त्या कारला बाहेर काढायचो. "आता कसं! माझं शेपूट सोडू नगं गड्या." मग पुन्हा गप्पा. त्याच्या पोरीची सोयरीक, माझं गुडघ्याचं दुखणं, कुठल्या व्यापाऱ्याला कसं उल्लू बनवलं ते. घरातसुद्धा मी कुणाशी एवढं बोललेलो नाही. त्या वर्षांत मला हायवे असा दिसलाच नाही. दिसायचा तो त्याच्या गाडीचा फाळका आणि त्यावरून माझ्याकडे बघणारी बोकडांची तोंडं.

त्या सकाळी रुंदीकरणाच्या कामाची वळणं संपली आणि रस्ता मोकळा झाला. लख्ख ऊन होतं. तो एका काळ्या बोकडाबद्दल सांगत होता. वाक्य अर्ध्यावर तुटलं आणि त्याचे ब्रेकचे दिवे लागले. माझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत माझं बॉनेट त्याच्या फाळक्यात घुसलं होतं. आम्ही दोघं वाचलो. मागची दोन बोकडं गेली.

खाली उतरून मी आधी त्याला बघितलं, मग पुढचा रस्ता. रस्त्यात काहीच नव्हतं. माणूस नाही, कुत्रं नाही, खड्डा नाही.

हवालदार आला. त्याने चेपलेल्या फाळक्यावरची 'सुरक्षित अंतर ठेवा' ही अक्षरं काठीने दाखवली. "वाचता येतंय का न्हाई?"

"येतंय की. ते परक्यांसाठी लिव्हलंय सायेब. मी त्याचा माणूस हाय. त्यालाच इचारा."

"आपल्या माणसाच्या गाडीमागं ब्रेक लवकर लागतो व्हय?" म्हणत हवालदार भागीदाराकडे वळला.

भागीदार जमिनीकडे बघत म्हणाला, "मी रोज सांगतो सायेब ह्याला, अंतर ठेव म्हून. ऐकत न्हाई."

मी त्याची गचांडी धरली. लोकांनी सोडवलं. त्यानंतर माझं कोण ऐकणार? मागून धडकला तो चुकला, एवढंच सगळ्यांना ठाऊक. त्या दिवसापासून आमची भागी तुटली.

आता मी अंतर ठेवतो. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की सावकाश तीनपर्यंत मोजतो, गाडी भरलेली असेल तर जरा जास्तच. तेवढं मोजून होण्याआधी माझी गाडी खांबापाशी पोचली तर मी जवळ आहे असं समजायचं. नियम बरोबर आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. पण ती जागा टिकत नाही. कार घुसते, एसटी घुसते, मी पाय उचलून पुन्हा मागे सरकतो. भाव करताना मी कधी माघार घेतली नाही, इथे वाटभर घेतो. मागचे हॉर्न मारतात. पुढे सगळा रस्ता उघडा पडलेला असतो. कोयनेचं पाणी दिसतं, उसाला आलेले तुरे दिसतात. "बघितलंस का रं" असं तोंडात येतं आणि केबिनमध्ये तसंच राहतं. फोन खिशात असतो.

बाजारात व्यापारी गाडीला वेढा घालतात. "आवं, एकटंच? जोडीदार लयच लांब ठिवला वाटतं." हसतात आणि भाव पाडतात. तो पलीकडच्या रांगेत असतो. त्याच्यामागे आता त्याचा मेव्हणा गाडी लावतो, चिकटून. मागच्या बाजाराला मी चहावाल्याबरोबर निरोप धाडला, ब्रेक का दाबलास ते सांग. चहावाला कप घेऊन परत आला. "जाऊ दे म्हनत्यात."

कसं जाऊ दे? मी का चिकटलो, हे हवालदाराने विचारलं, बाजाराने विचारलं, माझ्या बायकोनेही विचारलं. तो का थांबला, हे कुणीच विचारलं नाही. पुढचा रस्ता फक्त त्याला दिसत होता. तो बघतोय म्हणून मी बघत नव्हतो. त्याने आता रांग सोडून माझ्या गाडीपाशी यावं आणि चार व्यापाऱ्यांसमोर दोन गोष्टी सांगाव्यात. मला चिकटून ये असं कोण म्हणत होतं? आणि त्या मोकळ्या रस्त्यावर त्याला काय दिसलं होतं? दर बाजाराला मी तिथेच उभा असतो.