मागचा बंपर

मागच्या बंपरवर मी आता तासभर बोलू शकतो, पण ऐकायला घरात कोणी तयार नाही.

उन्हाळ्यात वर्धा रोडच्या सिग्नलला आमची गाडी उभी असताना मागून टेम्पो येऊन आदळला. जंगलातल्या कच्च्या रस्त्यांवर फिरायचं म्हणून रिटायर झाल्यावर मोठ्या हौसेनं घेतलेली ही फोर-व्हील ड्राइव्ह गाडी. बायकोचे गुडघे दुखतात, म्हणून ती मागच्या सीटवर पाय लांब करून बसायची. तिला लागलं नाही. पण त्या दिवसापासून ती गाडीत बसायला तयार नाही. रामदासपेठेत डॉक्टरकडे जायचं तरी ऑटो. ती घाबरली, असं मी ठरवून टाकलं आणि मजबूत बंपर शोधायला निघालो. वरातीमागून घोडं, पण निघालो.

सीताबर्डीत बारा हजारांचा मिळत होता. किल्लीनं वाजवून पाहिला, तर पिठाच्या रिकाम्या डब्यासारखा वाजला. दुसऱ्या दुकानात जाड प्लेटचा होता, पस्तीस हजारांचा. तो उचलायलाच दोन माणसं लागली. आमच्याकडची रीत अशी की भाव विचारायचा, दुकानदाराचा चहा प्यायचा आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून सटकायचं. घरी कोणीच विचारत नाही. मीही विचारलं नाही. तीन आठवडे उन्हात नुसता फिरत राहिलो, आणि खरं सांगायचं तर मला त्या लोखंडाचा वीट आला होता.

शेवटी हिंगणा रोडवरच्या वेल्डिंगवाल्याकडे गेलो. तो अठरा हजारांत बनवून द्यायला तयार होता. मी पस्तीसवाल्याचं कौतुक केलं, तर तो म्हणाला, "काका, लयच मजबूत बंपर वाकत नाही. मंग धक्का सीधा चेसिसले जाते, अन् आत बसलेल्याले. थोडं वाकलं पायजे."

माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. त्यालाही "घरी विचारून सांगतो" म्हटलं आणि या वेळी, निव्वळ थकल्यामुळे, घरी खरंच विचारलं.

ती लसूण सोलत होती.

"अठरावाला घेऊ का पस्तीसवाला?"

"मले काहून विचारून राहिले?"

"तुह्यासाठीच तं चाललं आहे हे सारं. तुही भीती जावी म्हणून."

"मले कायची भीती?" तिनं मान वर केली नाही. "त्या दिवशी तुमी उतरले, मागं जाऊन बंपर पाह्यला, मंग भांडत बसले. मी आत होती. माह्यं दार त्या टेम्पोवाल्यानं उघडलं. मावशी, लागलं तं नाही, म्हणून त्यानं विचारलं."

मी आठवून पाहिलं. डावीकडून चेपलेला बंपर आठवला, एका स्क्रूवर लोंबकळणारी नंबरप्लेट आठवली, टेम्पोवाल्याचा घामेजलेला चेहराही आठवला. तिचा चेहरा काही आठवेना. मी तो पाहिलाच नव्हता.