देखणं लाल बटन

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण या किश्श्यातला शहाणा मीच आहे. आणि हा शहाणपणा मी कोणाच्या नादाला लागून केलेला नाही. पूर्ण स्वतःच्या हिमतीवर केलाय.

शिळफाट्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, निवड, अभिनंदन, श्रद्धांजली, सगळं छापतो. आपल्याकडे फ्लेक्स लागल्याशिवाय माणूस जन्माला आलाय यावर कोणाचा विश्वास बसत नाही, त्यामुळे धंदा बरा चाललाय. म्हणून कर्जत-खालापूरच्या भजनी मंडळांच्या संघाला वेबसाइट हवी झाली, तेव्हा अध्यक्ष नाना थेट माझ्याकडे आले.

मी म्हटलं, "नाना, वेबसाइट म्हणजे काय, मोबाइलमध्ये मावणारा फ्लेक्स. करून टाकतो."

आणि केली की! वर नानांचा हात जोडलेला फोटो, मागे सोनेरी किरणं, कडेला झेंडूची तोरणं. खाली दोन बटनं. निळ्या बटनावर भजन स्पर्धेसाठी मंडळाचं नाव नोंदवायचं. लाल बटनावर पंगतीत वाढायला येणाऱ्या मंडळाचं. आमच्यात पद्धतच आहे, ज्या मंडळाला त्या वर्षी गायचं नसतं ते महाप्रसादाला वाढप करतं. आता गायला सगळे तयार असतात, वाढायला कोणी नसतं. म्हणून मी लाल बटन मुद्दाम जास्त सजवलं. निदान बटन बघून तरी कोणी भुलेल.

साइट सुरू झाली आणि भिवपुरीकडून दामूबुवांचा फोन आला. दामूबुवा जन्मापासून आंधळे. आवाज असा की माइक ठेवायची फक्त पद्धत. त्यांचा मोबाइल स्क्रीनवर जे असेल ते बोलून दाखवतो, आणि त्यावर ते जगाच्या खबरा ठेवतात. स्वभावाने मात्र गरीब वगैरे बिलकूल नाहीत हां. कोणी ताल चुकला तर भर कार्यक्रमात नाव घेऊन सांगतील.

"काय रं सुनील, तुझी साइट मला नुसती बटन, बटन करते. कसलं बटन, कायपन बोलत नाय."

"बुवा, मंडळाचं नाव मी टाकतो ना तुमचं."

"नको. मागल्या साली शेजारच्यानं टाकतो म्हनून सांगितलं आनि इसरला. आमी अख्खी स्पर्धा खुर्चीवर बसून ऐकली. या साली माज्या मंडळाचं नाव मी माज्या बोटानं टाकनार. तुला जमतंय का बोल."

जमतंय का? मला? मी त्याच संध्याकाळी व्हिडिओ बघितले. माझी बटनं म्हणजे नुसती चित्रं होती, त्यावरची अक्षरंसुद्धा चित्रातलीच. ती बुवांच्या मोबाइलला कुठून वाचता येणार? पण प्रत्येक चित्रामागे वर्णन लिहायची सोय असते, ते मोबाइल बोलून दाखवतो. वर्णन! अहो, वर्णन करण्यात माझा हात कोण धरणार? गल्लीतल्या पोराला मी फ्लेक्सवर युवाहृदयसम्राट केलेलं आहे.

लिहायला बसलो. निळ्या बटनासाठी लिहिलं, 'निळ्या रंगाचं साधं बटन, गोल कडा.' लाल बटनासाठी जीव ओतून लिहिलं, 'लाल रंगाचं देखणं बटन, सोनेरी किनार, भोवती झेंडूची फुलं.' दिसतं तसं सगळं सांगितलं, एक फूल सोडलं नाही. बटन कशासाठी आहे ते लिहायचं असतं, हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. आमच्या दुकानात गिऱ्हाईक असंच बोलतं ना, वरती भगवा घ्या, खाली पिवळा टाका.

मग संघाच्या बैठकीत मी प्रात्यक्षिक केलं. बायकोच्या ओढणीने डोळे करकचून बांधले, मोबाइल हातात घेतला, आणि नोंदणी करून दाखवली. टाळ्या पडल्या. नाना म्हणाले, "मानला तुला." मीही मला मानला. बटन कुठे आहे ते मीच ठेवलं होतं, त्यामुळे मला झोपेतही सापडलं असतं, हे ना त्यांना सुचलं ना मला.

दोन दिवसांत बुवांचा फोन. "झाली रं नोंद. 'तुमची नोंद झाली, आभारी आहोत' आसं बोलली."

मी बायकोला सांगितलं, आपण समाजसेवा केली. तिने विचारलं, ओढणी कुठे आहे.

स्पर्धेच्या सकाळी कर्जतच्या सभागृहात मी ऐटीत फिरत होतो. आमचंही मंडळ गाणार होतं, मी झांजेवर. तेवढ्यात मागच्या बाजूने गलका ऐकू आला. बघतो तर दामूबुवांचं मंडळ टेंपोतून उतरलेलं, कडक इस्त्रीचे झब्बे, पखवाजाला नवी खोळ, आणि आचारी त्यांच्या पखवाजवाल्याच्या हातात भाताचं घमेलं देतोय.

"तुमी भाताला ऱ्हावा," आचारी पखवाजवाल्याला म्हणाला, आणि बुवांना, "तुमाला बसून पापड देता येतील."

"आरं, मी गायला आलोय. पापड वाटायला नाय."

"नानांनी वाढप्यांत तुमचंच मंडळ सांगितलंय."

मला पुढे बोलावलं. मी मोबाइल उघडून बघितलं आणि लगेच निवाडा दिला. माझा आत्मविश्वास तुम्हाला आता कळलाच असेल.

"बुवा, साइट बरोबर आहे. चूक तुमची झाली. तुम्ही लाल बटन दाबलंत, निळं दाबायचं होतं."

बुवा शांतपणे म्हणाले, "आसं व्हय. साधं बटन आनि देखणं बटन. मला वाटलं, गाण्याचं देखणं आसंल. बरं, माजी चूक. फकस्त लाल म्हंजे कसं आसतं तेवढं सांग, मंग माफी मागतो."

मी तोंड उघडलं. लाल म्हणजे, बुवा, असं बघा, कुंकवासारखं... नाही, टोमॅटो... आचाऱ्याने घमेलं खाली ठेवलं. पखवाजवाला माझ्याकडे असा बघत होता की मीच तिथून निघून गेलो असतो, पण त्याने वाट अडवली होती.

खरं सांगतो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. हा माणूस वर्षभर या दिवसासाठी थांबला होता, आणि मी त्याच्या वाटेत झेंडूची फुलं ठेवून वर आभार मानले होते.

मी नानांकडे धावलो. नाना म्हणाले, "सभागृह संध्याकाळला खाली करायचा हाय. येक मंडळ कमी झालं तरच बुवांना घेता येल. आनि वाढायला मानसं पायजेत ती येगळी."

असं म्हणून ते माझ्याकडे बघत राहिले. मग मी आमच्या मंडळाकडे बघितलं. आमच्या मंडळींनी आधी छताकडे बघितलं, मग एकमेकांकडे, आणि मग सगळ्यांनी मिळून माझ्याकडे. त्या बघण्याचं वर्णन मी कुठल्याच साइटवर लिहिणार नाही.

तर आम्ही वाढलं. मी आमटीला होतो. झांजेचा सराव असल्यामुळे पळी आणि बादली चांगली वाजत होती.

दामूबुवा गायले मात्र असे की जेवणारे हात थांबवून ऐकत होते. दुसरा नंबर आला. बक्षीस घेऊन खाली उतरल्यावर पहिलं वाक्य मला, "सुनील, पयला आला आसता. गवळणीत कोनतरी बादली वाजवत व्हता, ती बेताल व्हती."

दुसऱ्या दिवशी मी बुवांना दुकानात आणून बसवलं. या वेळी ओढणी नाही. ते मोबाइल ऐकत होते आणि जिथे अडतील तिथे मला सांगत होते. फुलं काढली, किनार काढली, नानांच्या फोटोमागचं वर्णन काढताना जरा जड गेलं. एका बटनामागे लिहिलं, 'भजन स्पर्धेसाठी मंडळाचं नाव नोंदवा.' दुसऱ्यामागे, 'पंगतीत वाढपासाठी मंडळाचं नाव नोंदवा.' बस. पुढच्या पानावर, आणि नोंद झाल्यावरही, नोंद कशाची ते बोलेल असं केलं. दोन्ही पानं आधी सारखीच होती. दुसऱ्या पानासाठी मी पहिलंच चिकटवलं होतं. कोण एवढं वाचतंय, असं वाटलं होतं.

परवा बुवांचा फोन आला. आवाजात कौतुक.

"सुनील, आता साइट येकदम झकास झाली. पुढल्या सालची नोंदनी चालू झाली ना, ऐकलं, दाबलं, काम झालं. कुनाला इचारायला नको."

मला भरून आलं. म्हटलं, "बुवा, हेच हवं होतं. म्हणजे तुमच्या मंडळाचं नाव पडलं एकदाचं."

"आमचं तर पयल्याच दिवशी टाकलं, स्पर्धेत. आता टाकलं ते तुमचं."

"आमचं? कशात?"

"वाढपात. काल रातीला तुमचा सराव ऐकला मी."